तिसरी होडी

थळच्या बाळाजीला होडी ओळखायला अख्खी होडी दिसावी लागत नसे. शिडाचं टोक पाण्यावर आलं की पुरे. ह्यात जादू काही नव्हती. थळ, नवगाव, किहीम, आसपासच्या गावांतली निम्मी शिडं त्याच्याच हातची. कुणाच्या शिडाला कुठे ठिगळ आहे, ते मांजरपाटाचं की जुन्या छत्रीच्या कापडाचं, कुणाची शिवण वाऱ्यावर ताणते, हे त्याला घरातल्या भांड्यांसारखं ठाऊक. दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन तो दिवसभर किनाऱ्यावरच्या मांडवात बसे. हात कापडात, डोळे समुद्रात. त्याची बायको ठमी म्हणायची, "ह्यांना ताटात काय वाढलं ते विचारू नका, नवगावच्या कुठल्या तांडेलानं शीड कवा उतरवलं ते विचारा." तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. कोकणात हे सांगावं लागत नाही, पण घाटावरच्यांसाठी सांगून ठेवलेलं बरं.

एवढी नजर असलेला माणूस गप्प बसता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण त्याला गप्प बसू देतंय कोण? नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी थळला शिडाच्या होड्यांची शर्यत असे. किनाऱ्यावरून सुटायचं, खांदेरी बेटाला वळसा घालायचा, तिथल्या वेताळाला होडीतूनच हात जोडायचे आणि माघारी यायचं. खुबलढा किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली एक काठी रोवलेली असे. तिच्या समोरून जी आधी गेली ती पहिली. खाली किनाऱ्यावर ढोल, गुलाल, आरडाओरडा, त्यात कुणाला काय दिसणार? बाळाजी एकटा वर बुरुजावर उभा राही. वर विंचू फार, म्हणून दुसरं कुणी चढत नसे. त्यामुळे तंटा झाला की माणसं बुरुजाकडे तोंड करून विचारत, "बाळाजी, कोण रे?" आणि बाळाजी सांगेल ते शेवटचं.

हळूहळू जुनं विचारणारेही आले. गेल्या साली दुसरा कोण होता, वारा कुठला होता, ओहोटीत कोण मागे पडला. त्याला सगळं आठवे. मग मुंबईच्या एका साप्ताहिकाने निकाल मागवले. त्या मागोमाग मासळीच्या बड्या व्यापाऱ्यांची कार्डं यायला लागली. त्यांना पैजा लावायच्या असत, तेव्हा नुसता निकाल त्यांना पुरत नसे. कुठली होडी पश्चिमेच्या वाऱ्यात कशी पळते, कुठला तांडेल वळशावर घाबरतो, अशी कुंडलीच हवी असे. बाळाजी बारीक अक्षरात सगळं लिहून पाठवी. शिडं शिवणारा माणूस, मराठी चौथी शिकलेला, पण मुंबईचे शेटजी त्याच्या कार्डाची वाट बघत. त्याची छाती फुगली असेल तर त्यात त्याचं काय चुकलं? कुणाचीही फुगली असती.

आता ह्या धंद्यात एक ग्यानबाची मेख होती. निकाल त्याच दिवशी मुंबईला जायला हवा, नाहीतर शिळा. रेवसहून आगबोट सुटे. थळचाच अब्दुस्समद त्या आगबोटीवर खलाशी होता. शर्यतीच्या दिवशी तो दुपारच्या टांग्याने रेवसला निघे आणि बाळाजीचं पाकीट त्याच्या खिशातून जाई. आगबोट टांग्यासाठी थांबत नसे, टांगा बाळाजीसाठी थांबत नसे, आणि मागच्या होड्यांना कसलीच घाई नसे. मग बाळाजी काय करी? पहिल्या एकदोन होड्या डोळ्यांनी बघून लिही, आणि बाकीच्या अंदाजाने. तो त्याला अंदाज म्हणत नसे हं. हिशेब म्हणे. माणूस तोच, होडी तीच, वारा तोच, मग नंबर दुसरा कुठून येणार? आणि खरं सांगायचं तर तो हिशेब चुकला असं कधी झालं नव्हतं. खाली शेवटची ओळ ठरलेली असे: "सर्व होड्या सुखरूप किनाऱ्याला लागल्या." पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' लिहितो ना, तशी ती ओळ त्याच्या हाताला लागली होती.

एकोणतीस सालची गोष्ट. थळच्या कोळीवाड्यात मनुबाई म्हणून विधवा बाई होती, तिचे दोन मुलगे, रघू आणि मोरू. दोघांची मिळून एक छोटी होडी. तिच्या शिडाला मधोमध काळं ठिगळ, मोडक्या छत्रीचं. बाळाजीनेच लावलेलं. रघूचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं, बायकोचं नाव केसर. ह्या होडीची एक गंमत होती. सलग तीन वर्षं ती तिसरीच येत होती. गाव चिडवायचं, "रघू, तुला देवानं तिसऱ्या पाटावरच बसवलाय." रघू हसायचा. मोरूला मात्र झोंबायचं.

त्या दिवशी दुपार होईतो ऊन होतं. पहिल्या दोन होड्या काठीसमोरून गेल्या, बाळाजीने नावं टिपली. तेवढ्यात उंदेरी बेटाच्या बाजूने आभाळ खाली आलं. पावसाचा असा पडदा पडला की खांदेरी दिसेना, उंदेरी दिसेना. खालून अब्दुस्समद ओरडत होता, "बाळाजी, दे बाबा पाकीट. टांगेवाला माझ्या खानदानाचा उद्धार करतोय." बाळाजीने समुद्राकडे पाठ केली, भिंतीच्या आडोशाला कागद धरला आणि लिहिलं, तिसरी रघूची. मग चौथी, पाचवी. मग ती ठरलेली ओळ. खाली येऊन त्याने पाकीट दिलं. अब्दुस्समद सदरा झटकत म्हणाला, "आल्या का सगळ्या?"

"येतात की," बाळाजी म्हणाला. "जातील कुठं?"

पाऊस संध्याकाळी थांबला. चौथी-पाचवी म्हणून लिहिलेल्या होड्या पावसातच थळला लागल्या होत्या, बाकीची कुठली नवगावला, कुठली किहीमला, एक पार अलिबागच्या बाजूला. रात पडेपर्यंत सगळ्यांचे निरोप आले. मनुबाईच्या मुलांचा आला नाही. गावाने होड्या घातल्या, चार दिवस पाणी पिंजून काढलं. फळी सापडली नाही, वल्हं सापडलं नाही, शिडाची चिंधीसुद्धा नाही. समुद्राने गिळलं म्हणावं तर तो काहीतरी परत करतो. ह्या वेळी त्याने काहीच केलं नाही.

आणि मग साप्ताहिक आलं. वाण्याच्या दुकानासमोर कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. तिसरी, रघूची. सर्व होड्या सुखरूप किनाऱ्याला लागल्या. मनुबाई तिथेच होती, मीठ घ्यायला आली होती. तिने हातातली पुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुन्ना वाच." त्याने पुन्हा वाचलं. मग सगळ्यांनी वळून मागे उभ्या असलेल्या बाळाजीकडे पाहिलं. कोळीवाड्याचा पाटील होता, त्याने विचारलं, "म्हंजे होरी काठीसमोरून गेलीवती? तू वरून पायलीस?"

बाळाजीने तोंड उघडलं. दुकानात त्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची दोन माणसं बसली होती, त्याच्याकडेच बघत. मनुबाई बघत होती. आणि त्याच्या मनात आलं, येतील पोरं. आज ना उद्या येतीलच, मग काय फरक पडतो? त्याने मान हलवली. होय अशी. एवढंच.

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान जिभेला ठाऊक असतं. ह्याची नुसती मान हलली. पण गावाने त्या मानेवर इमारत बांधली. पाटील म्हणाला, होडी शर्यत पुरी करून गेली, म्हणजे पावसात बुडाली नाही. पुढे वाऱ्याने ओढून नेली असेल. आगबोटीने उचललं असेल, पोरं कुठेतरी परमुलखात असतील. जो बुडताना कुणी पाहिला नाही तो मेला म्हणता येत नाही. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, असा रिवाज. तोवर केसर सवाशीण. कपाळावर कुंकू, हातात चुडा आणि घरात नवरा नाही. कोळ्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरा संसार मांडता येतो. पण ती विधवा ठरली तर ना. एकोणीस-वीस वर्षांची पोर, बारा वर्षांनी तिचं काय उरणार होतं?

बाळाजी रोज ठरवी, आज सांगू. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी भीती, आणि मग असं झालं की सांगायची वेळच निघून गेली. चिखलात रुतलेला पाय जितका हलवावा तितका खोल जातो. मुंबईची कार्डं येतच होती. एका शेटजीने लिहिलं होतं, बाळाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते कार्ड त्याने चुलीत घातलं. ठमीने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही न्हाय."

पुढच्या साली तो पुन्हा बुरुजावर चढला. स्वच्छ ऊन, वारा बेताचा. पहिली आली, लिहिली. दुसरी आली, लिहिली. तिसरं शीड आलं आणि त्याच्या मधोमध काळं ठिगळ होतं.

बाळाजीने डोळे मिटले, उघडले. ठिगळ होतं तिथेच होतं. उजव्या कोपऱ्याला शिवण किंचित वाकडी, कारण ते लावताना त्याच्या बोटात दाभण गेलं होतं. स्वतःची शिवण माणूस विसरत नाही. होडी काठीसमोरून गेली, आणि खाली कुणी ओरडलं नाही, ढोल वाजला नाही. मग आणखी एक आली, तेव्हा ढोल वाजला. ती नवगावची होती. गावाच्या लेखी तिसरी ती. बाळाजीच्या लेखी चौथी. हातातला कागद भिजला, घामाने.

त्या साली त्याने मुंबईला फक्त पहिली आणि दुसरी कळवली. त्याच्या पुढच्या सालीही तेच. लोक थट्टा करायला लागले, "बाळाजीला दोनापुढं येत न्हाय." तो हसून घेई. पण त्याचा धंदा मोजण्याचा, आणि त्याचं मोजणं बिघडलं होतं. साध्या संध्याकाळी होड्या परत येताना मोजल्या तरी एक जास्त भरे. मग तो ठमीला मोजायला लावी. ठमी मोजून सांगे, एक कमीच. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमाला काय बाधलंय? खांदेरीच्या वेताळाला नारळ देऊन या." तो गेला, नारळ दिला, पाया पडला. परत येताना होडीत बसून त्याने मागे पाहिलं नाही, कारण मागे काय येत असेल ते त्याला ठाऊक होतं.

निकाल न पाहता लिहिला होता, हे एका अब्दुस्समदला माहीत होतं. पाकीट त्यानेच नेलं होतं ना? एकदा रेवसच्या वाटेवर तो म्हणाला, "बाळाजी, त्या दिवशी मी घाई केली. मलाही झोप लागत नाही कधी कधी. पण मी काही बोललो तर तुझं नाव जाईल. बोलायचं तर तूच बोल." बाळाजी म्हणाला, "बघतो." पाच वर्षं तो बघतच होता.

चौतीस साल उजाडलं. नवगावचा सदा म्हणून एक तांडेल होता, बायको वारलेली, स्वभावाने सरळ. केसर नवगावच्या बाजारात मासळी विकायला जाई, तिथे त्यांचं जमलं. लपवालपवी नाही. सदाने थेट पाटलाला विचारलं, पाट लावून द्या. पाटील म्हणाला, अजून सात वर्षं थांब. सदाला आई होती, घरात दोन लहान लेकरं होती. सात वर्षं कोण थांबतंय? त्याने शिमग्यापर्यंतची वाट बघायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी केसर बाळाजीच्या मांडवात आली. हातात फाटकं शीड होतं, पण ते निमित्त. ती खाली बसली. बाळाजीने इतक्या वर्षांत तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. चेहरा वाळून गेला होता पोरीचा.

"बाळाजीदादा," ती म्हणाली, "एकच इचारते. तुमी त्यांची होरी पायलीत का?"

"छापलंय की."

"छापलंय ते मला वाचता येत न्हाय. तुमी पायलीत का, ते सांगा."

बाळाजी दोरा ओवत राहिला. दोरा सुईच्या नेढ्यात जाईना. केसर उठली आणि म्हणाली, "जिता हाय म्हनतात, तर येत का न्हाय? आनि मेलाय तर मला रडू का देत न्हाय? पाच वरसं झाली, मी नवऱ्यासाठी एकदाबी मोकली रडले न्हाय. रडलं की सासू म्हनते, जित्या मानसाला रडून मारू नको." तिचा आवाज चढला नव्हता. शीड तिथेच टाकून ती गेली. बाळाजीला वाटलं, कुणीतरी आपल्याला शिव्या घालायला हव्यात. कुणी घातल्या नाहीत, हेच त्याला सोसेना.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर पंच बसले. होळीच्या सणाला सगळे पुरुष घरी, म्हणून अशी कामं तेव्हाच होतात. एका बाजूला सदा, एका बाजूला बायकांत केसर, आणि तिच्या शेजारी मनुबाई, तिचा पदर मुठीत धरून. पाटलाने रिवाज सांगितला. कुणाला काही बोलायचंय का, विचारलं.

बाळाजी उठला. बोलला, आणि अडखळला नाही. "मी रघूची होरी काठीसमोरून जाताना पायली न्हाय," तो म्हणाला. "टांगा सुटत व्हता. मागच्या सालांवरनं मी ठरवलं, तिसरी तीच, आनि लिवून दिलं. सुखरूप लागल्या ते बी तसंच लिवलं. दुकानात पाटलांनी इचारलं तवा मान हलवली ती खोटी. ह्या पोरीची पाच वरसं मी खाल्ली. काय शिक्षा द्यायची ती द्या, पन हिला सोडा."

ओट्यावर कुजबूज झाली. बाळाजीला वाटलं, झालं, सुटली पोर. डोक्यावरचं ओझं उतरलं असं त्याला क्षणभर वाटलंसुद्धा. पण पाटील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, "बरं. तू होरी येताना पायली न्हाईस. मग बुडताना पायलीस का?"

"न्हाय."

"मग तुजी साक्ष कशाची? न पायल्याची साक्ष आसते व्हय? तवा म्हनलास आली. आता म्हनतोस ठाव न्हाय. उद्या आनिक काय म्हनशील. सदानं तुला काय चारलं, ते बी आमाला ठाव न्हाय." पंचांतला एक जण हसला. पाटील हसला नाही. तो माणूस खरोखर न्यायाने चालणारा होता, हेच तर दुखणं. "बुडताना पायलेला मानूस आना. न्हायतर बारा वरसं."

बाळाजी उभाच राहिला. आयुष्यभर त्याच्या शब्दावर गावाने तंटे मिटवले, आणि ज्या दिवशी तो खरं बोलला त्या दिवशी त्याच्या शब्दाची किंमत कवडीइतकीही नव्हती. आणि ते न्याय्यच होतं, हे त्याला कळत होतं. केसर खाली मान घालून बसली होती. सदाने फेटा काढून गुडघ्यावर ठेवला होता, उठून जाण्याच्या बेतात.

तेव्हा मनुबाईने केसरच्या पदरावरची मूठ सोडली.

"मी पायलं," ती म्हणाली.

ती बसूनच बोलली, कुणाकडे न बघता. "मी बुरुजाखालच्या खडकावर व्हते. पोरं येतील म्हनून. पावसाचा पडदा जरा फाटला. शीड पान्यावर आडवं पसरलंवतं, लुगडं वालत घालावं तसं. काला तुकडा मधी. कुनी मानूस न्हवतं. मी ओरडले. ढोल वाजत व्हते, कोन ऐकनार? मग पडदा पुन्ना पडला."

"आनि पाच वरसं बोललीस न्हाय?" पाटील म्हणाला.

"तुमाला त्या रातीच सांगनार व्हते. जीभच उचलली न्हाय. आई हाय मी, मी कसं सांगू? मग ते छापलेलं आलं. मला वाटलं, माजे डोले म्हातारे, बाळाजीचे डोले खरे. बरं वाटलं मला. लई बरं वाटलं." ती थांबली. "वरीस गेलं तवा कललं, की डोले माजेच खरे व्हते. पन तवर सवय झालीवती. ही घरात व्हती, हिच्या हातच्या बांगड्या वाजायच्या. साक्ष दिली आसती तर ही बी गेली आसती. दोन गेले, तिसरी बी द्यायची? न्हाय दिली मी. ह्यानं खोटं लिवलं आनि मी ते जपलं. आता सोडा तिला."

मग केसर रडली. ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, पाच वर्षांचं रडली. बायकांनी तिला धरलं. मनुबाईने धरलं नाही. आपला तो हक्क राहिला नाही असं तिला वाटलं असावं. बाळाजीला तिथे उभं राहवेना. तो बुरुजाच्या दिशेने चालत सुटला आणि वाटेत त्याला ते समजलं. मनुबाई खडकावर होती, त्याच्या बरोबर खाली. पावसाचा पडदा फाटला तेव्हा तो वर होता. त्याची नजर तिच्या दसपट. त्याने ठिगळ पाहिलंच असतं, आणि बुरुजावरून हाक घातली असती तर ढोल थांबले असते, होड्या सुटल्या असत्या. पण तो समुद्राकडे पाठ करून, भिंतीच्या आडोशाला, सर्व होड्या सुखरूप लिहीत होता. हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याचं त्यानेच जुळवलं, आणि मग ते त्याच्या जन्माला पुरलं.

रघू आणि मोरूची क्रिया झाली. वैशाखात केसरचा पाट लागला, ती नवगावला गेली. जाताना सासूच्या पाया पडली म्हणतात, पण बोलली नाही. बाळाजीने मुंबईला सगळ्यांना कार्डं टाकली, की माझे निकाल पुष्कळदा न पाहता लिहिलेले आहेत, तरी ह्यापुढे माझ्याकडून मागवू नयेत. एक-दोघांनी शिव्या घालून उत्तरं पाठवली. बाकीच्यांनी दुसरा माणूस बघितला. गावही तंट्यासाठी आता त्याच्याकडे येईना. काठीजवळ दोन पंच बसवायला लागले. बाळाजी शिडं शिवत राहिला. पोट भरत होतं.

शर्यतीच्या दिवशी मात्र तो बुरुजावर जाई, कागदाशिवाय. त्याच साली मनुबाई काठी टेकत वर चढून आली. विंचवांची तिला भीती नव्हती. आता कशाचीच नव्हती. ती त्याच्याजवळ बसली. खाली ढोल वाजत होते, होड्या सुटल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"माज्या पोरांचं सांग," ती म्हणाली. "तुला सगलं याद आसतं."

बाळाजीला आधी कळेना. मग कळलं. मुंबईचे शेटजी मागत तशी कुंडली ती मागत होती.

"चोवीस साली पाचवी," तो म्हणाला. "नवी होरी, रघूचा हात बसला न्हवता. पंचवीस साली दुसरी. थोडक्यात पयली हुकली, मोरूनं वल्हं पान्यात फेकलं रागानं."

"व्हय. घरी येऊन जेवला न्हाय."

"सव्वीस साली तिसरी. वारा पच्चिमेचा. सत्तावीसला तिसरी. अठ्ठावीसला तिसरी, पन दुसरीच्या आगदी पाठीला पाठ."

मनुबाई ऐकत होती. मोठ्या माणसांच्या पोथ्या ऐकतात तसं नव्हे. बाजारात माप घेताना बाई तराजूकडे बघते तशी बघत होती, कुठे कमी पडू देणार नाही अशी.

"आनि एकोनतीसला?"

बाळाजीने समुद्राकडे पाहिलं. पहिली होडी खांदेरीच्या वळशावरून फिरली होती.

"आली न्हाय, काकी."

"तिसरी न्हवं?"

"न्हाय. आली न्हाय."

तिने मान हलवली. थोड्या वेळाने उठली आणि जिथून आली त्या वाटेने खाली गेली. पुढच्या साली पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तो सगळं पहिल्यापासून सांगे, आणि शेवटी ती विचारी, आणि तो सांगे. ती वारली तोपर्यंत असंच चाललं. दुसऱ्या कुणाला त्याने पुन्हा कधी निकाल सांगितला नाही.